देवा सापडत नाही

सावळजच्या कोल्ड स्टोअरेजात
रात्री पावणेदोनला
प्रिंटरनं चौकोन छापायला सुरुवात केली.

नेमगोंडा चौगुले: सात चौकोन, मग जागा, मग पाच.
हौसाबाई कोष्टी: तेवढेच, थोडे कमी.
लॉट नंबर बरोबर, वजन पंधरा किलो बरोबर,
फक्त माणूस चौकोनी.
हमाल बिरू लेबल उलटंसुलटं करून म्हणाला,
"ताई, नावंबी पॅक केली काय?"

सकाळी तासगावात सौदा.
चारशे बॉक्स.

कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून तिसरा दिवस.
अल्ताफ मुलाणीनं टाकली, बिनलायसनची,
"चोरीची न्हाई ताई, सगळ्यांची हाय," म्हणाला,
इंग्रजीत एक लेबल काढून दाखवलं
आणि संध्याकाळच्या एसटीनं चाकणला गेला.
मागे वहीचा एक कागद, सेलोटेपनं भिंतीला.

त्याला फोन लावला. झोपेतच बोलला,
"मराठी फॉन्ट राहिले ताई. काळा पडदा उघडा.
लिहा: सुडो, आप्ट, इन्स्टॉल, फॉन्ट्स, आडवी रेघ, देवा."
"देवा?"
"देवनागरीतला देवा."

पासवर्ड मारला. पडद्यावर काही उमटेना,
टिंब नाही, चांदणी नाही.
मला वाटलं कीबोर्ड गेला.
"घेतोय तो," अल्ताफ म्हणाला, "दाखवत न्हाई एवढंच."
आमचे मापाडी दत्तोबा तसेच.
वजन सांगितलं की मान हलवत नाहीत,
दिवसअखेर चूक एकही नसते.

मग एक ओळ आली.
मी ती मोठ्यानं वाचली, मराठीत करून:
देवा नावाचं काही सापडत नाही.

बिरू हसला. मग हसायचा थांबला.
कॉम्प्रेसर घरघरत होता,
अमोनियाचा वास नाकात बसलेला,
आत चार अंशांवर साडेतीन हजार खोकी
हिरवा, पिवळा, काळा माल घेऊन निजलेली.

"आधी अपडेट करायचं असतं," अल्ताफ म्हणाला,
"त्याच्याजवळची यादी जुनी हाय.
नेट हाय न्हवं?"

नेट नव्हतं. पफच्या भिंतींतून रेंज येत नाही.
मोबाइल घेऊन मी धक्क्यावर गेले,
उंच जागा बघून वजनकाट्यावर ठेवला.
काटा म्हणाला, शून्य पूर्णांक दोन.
परत आत. अपडेट. ओळींमागून ओळी,
जर्मनीतून की जपानातून, कुठल्या गोदामातून.
मग पुन्हा देवा.

या वेळी त्यानं विचारलं:
एवढे एमबी उतरवू? हो की नाही?
आणि मी एकाला बोलावलं तर
यादीत उभे गार्गी, लोहित, सराई,
नकुल आणि सहदेव.
(जुळे एकटे यायचे नाहीतच.)
मी वाय दाबलं.

बिरू धक्क्यावर काट्याकडे बघत उभा.
"ताई, एवढं सगळं आलं म्हणताय,
हितं वजन तर तेवढंच."

सव्वातीनला पहिलं लेबल निघालं.
ने. म. गों. डा.
गों वरचा अनुस्वार थोडा उजवीकडे सरकलेला,
पण होता.
हौसाबाईंचा ष्टी न तुटता आला, अख्खा.
बिरू अक्षरओळख झालेला माणूस,
चौथीत शाळा सुटलेला,
एकेका खोक्याला चिकटवताना वाचत गेला,
चुकला की परत मागे येऊन.

"पैसं किती?"
"काही नाही."
"मग दिलं कुणी?"

मी वर चढत पडद्यात शोधलं.
एके ठिकाणी पाहिल्यासारखं वाटत होतं,
कुणाचं तरी नाव, मेलचा पत्ता,
उतरताना झर्रकन गेलेलं.
आता ती ओळ दिसेना.

साडेसहाला टेम्पो लागला.
चारशे बॉक्स गेले, चारशे नावं घेऊन,
ज्याला आपण वाचतो तशी.
अल्ताफच्या कागदावर
मी पेनानं खाली लिहिलं: आधी अपडेट.

मोबाइल काट्यावरच राहिला होता.
दत्तोबा आले, बघितलं,
उचलून माझ्या टेबलावर ठेवला
आणि काटा शून्यावर आणला.